पाहुण्यासमोर आजारी

“दाढी केली यांनी,” ओरिएकाकू दारातच म्हणाल्या. “सकाळी उठून, स्वतःच्या हातानं. मग कोट घातला.”

कुनिमीबाई बूट काढता काढता थांबल्या. “कोट?”

“तो काळा, लग्नाकार्यातला. आणि नाकातली नळी काढून उशीखाली दडवली. मी म्हटलं, अहो, मरायचंय का? तर म्हणतात, साहेब जाईपर्यंत नाही.”

कुणाला किती मदत लागते ते ठरवणारे नगरपालिकेचे तपासनीस शिओमी साहेब सकाळी येऊन गेले होते. त्या वेळी कुनिमीबाईंनी हजर राहायचं ठरलं होतं. पण डोंगरापलीकडच्या एका रुग्णाच्या गळ्यातली नळी कफानं बंद झाली, आणि आधी श्वास की आधी साहेब, या प्रश्नाला घरोघर फिरणाऱ्या नर्सकडे एकच उत्तर असतं. त्या नळी बदलून आल्या, तोवर इकडचा समारंभ आटोपला होता.

आतल्या खोलीत समारंभाचे नायक उठत्या-बसत्या खाटेवर टेकून पडले होते. नळी आता नाकात होती. ओठ शाईची दौत तोंडाला लावल्यासारखे. कुनिमीबाईंनी त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला आणि त्यावरचा आकडा पाहिला. ज्या आकड्याला इस्पितळात माणसं पळायला लागतात, त्या आकड्यावर हे गृहस्थ हसत होते.

“छान झालं,” ते म्हणाले. मग श्वास घेतला. “साहेब... खूश होऊन गेले.”

त्यांचं नाव त्सुचिदा शोहेई, पण गावात त्यांना त्या नावानं फक्त पोस्टमन ओळखतो. नुकुमिसावाच्या गरम झऱ्यावर जे सगळ्यांत जुनं उतारगृह होतं, तिथले ते बांतो, म्हणजे मुख्य कारभारी. उतारगृह बुडालं, इमारत पाडली, मालक शहरात गेले. बांतो मात्र बांतोच राहिले. पाहुण्यानं सिगारेट पुढे केली तर नाही म्हणायचं नाही, हा त्या धंद्याचा नियम. बांतोंनी नियम इतक्या निष्ठेनं पाळला, की डॉक्टरांनी त्यांच्या छातीचा फोटो दिव्यावर लावला तेव्हा त्यांना फुप्फुसं शोधावी लागली. आता ऑक्सिजनचं यंत्र दिवसरात्र कोपऱ्यात घुरघुरतं आणि पंधरा हात लांबीची नळी त्यांना बांधून ठेवते. आडवं झोपता येत नाही. झोपले की बुडाल्यासारखं होतं. म्हणून ही खाट. कळ दाबली की पाठ वर उचलते. नगरपालिकेच्या योजनेतून ती नाममात्र भाड्यानं मिळाली होती.

“काय काय केलंत, सांगा,” कुनिमीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अशा वेळी फार मऊ होतो. त्यांना ओळखणारे मग खोलीबाहेर जातात.

“काही नाही. विचारलं तेवढं—”

“मी सांगते,” काकू म्हणाल्या. “विचारलं, एकट्यानं उठता येतं का. हे उठले. विचारलं, सध्या कुठला ऋतू आहे. तर ह्यांनी ऋतू सांगितला, ऋतूतली भाजी सांगितली, ती कुठल्या ताटलीत वाढायची ते सांगितलं. विचारलं, रात्री त्रास होतो का. हे म्हणाले, आपल्या कृपेनं नाही. मग चहा केला. स्वतः. लग्नाला इतकी वर्षं झाली सिस्टर, मला तापातसुद्धा कधी चहा करून दिला नाही या माणसानं. नगरपालिकेला दिला.”

“पाहुणे होते.”

“आणि शेवटी दारापर्यंत गेले. खाली बसून साहेबांचे बूट फिरवून ठेवले, टोकं रस्त्याकडे करून.”

कुनिमीबाईंनी डोळे मिटले. अशा छातीच्या माणसानं खाली वाकणं म्हणजे उशीनं आपलं आपण तोंड दाबून घेणं. “गेल्या महिन्यात मोजे घालताना बेशुद्ध झाला होतात, बांतोसान.”

“मोजे माझे होते,” बांतो म्हणाले. “बूट पाहुण्यांचे.”

निकाल लागला तो अपेक्षेप्रमाणे. बांतो सुधारले होते. देखभालीची पायरी जितकी वर तितकी मदत जास्त; दुसऱ्या पायरीवरून ते एकदम खाली, ‘थोडी मदत पुरे’ अशा माणसांत आले. त्या माणसांना उठती-बसती खाट मिळत नाही, कारण ती माणसं स्वतः उठतात-बसतात. मदतनीस बाई आठवड्यातून एकदा येईल, आणि महिनाअखेर खाट परत नेतील.

आमच्या नगरपालिकेचं या बाबतीत वर कौतुक आहे. दारातच मोठी पाटी लावली आहे, की गावातल्या इतक्या ज्येष्ठांची पायरी यंदा सुधारली. जिल्ह्यातून माणसं ती पाटी पाहायला येतात. आमच्याकडचे म्हातारे दर वर्षी सुधारतात, आणखी सुधारतात, आणि मग मरतात. शेवटच्या दिवशी त्यांची प्रकृती कागदावर इतकी उत्तम असते, की घरच्यांना धक्काच बसतो.

कुनिमीबाई त्या पाटीखालून आत गेल्या.

शिओमी साहेब उठून उभे राहिले, वाकले, खुर्ची ओढून दिली. वाईट माणूस असता तर बाईंचं काम सोपं झालं असतं. पण गृहस्थ तिशी-पस्तिशीचे, सौम्य, टापटिपीचे. बोलताना दर वाक्याच्या सुरुवातीला क्षमा मागायचे.

“फार चांगले गृहस्थ आहेत त्सुचिदासान,” ते म्हणाले. “माझे बूटसुद्धा फिरवून ठेवले त्यांनी. आजकाल कोण करतं?”

“तुम्ही गेल्यावर ते काळेनिळे पडले.”

“क्षमा करा, पण मी गेल्यावरचं मला दिसत नाही. मी जे पाहिलं तेच लिहिलं.”

“मी आठवड्यातून दोनदा पाहते. मला विचारायचं होतंत.”

“तुमचं मत आम्ही जरूर विचारात घेतो. क्षमा करा, त्यासाठी इथे जागा आहे.” त्यांनी तपासणीच्या कागदावरची जागा दाखवली. तीत एक मुंगी आरामात झोपली असती.

कुनिमीबाईंनी पन्नाशी उलटल्यावर पुन्हा परीक्षा दिल्या होत्या. सरकारनंच योजना काढली होती: डॉक्टर डोंगरात राहत नाहीत, तर नर्सना वरचं शिकवा. म्हणून आता डॉक्टरांनी आखून दिलेल्या चौकटीत त्या स्वतःच्या निर्णयानं गळ्यातली नळी बदलू शकत होत्या, पोटातली बदलू शकत होत्या, औषधाची मात्रा कमी-जास्त करू शकत होत्या, जखमेतलं मेलेलं मांस कापून काढू शकत होत्या. माणूस कुठे कापायचा हे त्यांना ठरवता येत होतं. तो कसा झोपेल हे ठरवायला मात्र मुंगीएवढी जागा.

“अपवादाचा मार्ग आहे,” साहेब मदत करायच्या सुरात म्हणाले. “डॉक्टरांचं मत, मग बैठक, मग मंजुरी.”

“बैठक कधी?”

“क्षमा करा, या महिन्याची झाली.”

“म्हणजे खाट आधी जाणार, आणि ती जावी का यावर मग चर्चा होणार.”

साहेबांनी थोडा विचार केला. ते प्रामाणिक होते. “हो,” ते म्हणाले. “तसं होऊ शकतं. त्यापेक्षा फेरतपासणी मागा. मी लवकरची वेळ देतो. फक्त त्या दिवशी त्यांना सांगा, की... म्हणजे, जसे आहेत तसे राहा.”

त्या दिवशी गाडीत बसल्यावर कुनिमीबाईंनी डब्यातला भाताचा गोळा काढला आणि बराच वेळ नुसता हातात धरला. मग असा चावला, जणू त्या भातानंच काही गुन्हा केला असावा.

जसे आहेत तसे राहणं बांतोंना कुणी शिकवलंच नव्हतं. म्हणून कुनिमीबाईंनी तालीम घ्यायची ठरवली. त्या स्वतः साहेब झाल्या. दाराबाहेर जाऊन आत आल्या आणि म्हणाल्या, “क्षमा करा, नगरपालिकेतून आलोय.”

खाटेवर बांतोंची पाठ आपोआप ताठ झाली. “यावं, यावं. इतक्या लांबून—”

“चूक,” काकू कोपऱ्यातून म्हणाल्या. त्या मुळ्याची साल काढत होत्या. “परत.”

कुनिमीबाई परत बाहेर गेल्या, परत आल्या. “क्षमा करा. एकट्यानं संडासाला जाता येतं का?”

बांतोंनी छताकडे पाहिलं. “तसं... येतं म्हटलं तर...”

“काल भिंतीला धरून उभे होतात. मी हाक मारत होते तर उत्तर द्यायला वारा नव्हता छातीत,” काकू म्हणाल्या. “ते सांगा.”

“असलं पाहुण्याला सांगतात का कुणी?”

“तो पाहुणा नाही, बांतोसान,” कुनिमीबाई म्हणाल्या.

“दारातून आत आला, बूट काढले, की पाहुणाच. मग तो कर वसूल करायला आलेला असो.” एवढं बोलून त्यांना थांबावं लागलं. ओठ आवळून, फुंकर घातल्यासारखा श्वास त्यांनी सोडला, कुनिमीबाईंनीच शिकवलेला. मग पुढे म्हणाले, “आमच्याकडे एकदा स्वयंपाकघराला आग लागली होती. मागे बादल्या चालल्या होत्या, पुढे मी पाहुण्यांना बाग दाखवत होतो. एकालाही कळलं नाही. तुम्ही मला आता लबाडी करायला सांगताय.”

“लबाडी तुम्ही मागच्या वेळी केलीत.”

बांतोंच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जणू बिलात चूक सापडली आहे आणि ती आपलीच आहे. पण ते वाकले नाहीत. कुनिमीबाईंना त्यांचा इतका राग आला, की बांतोंच्या छातीवर स्टेथोस्कोप त्यांनी तीन वेळा एकाच जागी ठेवला आणि काहीच ऐकलं नाही.

शेवटी काकूंनी सुरी खाली ठेवली. “हे बघा,” त्या म्हणाल्या, “खाट गेली की रात्री तुम्हाला मी उचलून बसवायचं. माझी कंबर कशी आहे, तुम्हाला माहीत आहे. नसेल, तर सांगते. मी पाहुणी नाही, मला सगळं सांगता येतं. मोरीत वाकले तर भिंतीला धरून वर येते. सांडलेलं उचलायचं असलं की आधी विचार करते, खरंच उचलायला हवं का. आणि तुमचं वजन काही सांडलेल्या मुळ्याएवढं नाही.”

बांतो बराच वेळ पांघरुणाची कड सरळ करत राहिले.

“किती दिवस?” त्यांनी विचारलं.

“कंबर? उतारगृहाच्या गाद्या घालायला लागल्यापासून.”

“सांगितलं नाहीस कधी.”

“तुम्ही नेहमी बाग दाखवत होतात.”

बांतो कुनिमीबाईंकडे वळले. “सिस्टर,” ते म्हणाले, “परत बाहेर जाऊन या.”

फेरतपासणीच्या आदल्या दिवशी त्यांना ताप भरला. सकाळी कुनिमीबाई पोचल्या तेव्हा छातीत कफ खळखळत होता, खांदे प्रत्येक श्वासाला कानांपर्यंत चढत होते. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला, आधीच लिहून ठेवलेल्या उपायांतला कुठला सुरू करते ते सांगितलं, औषध दिलं, यंत्राचा काटा जरासा सरकवला, खाटेची पाठ पूर्ण वर केली आणि त्यांच्या कोपरांखाली उशा दिल्या. इस्पितळाचं नाव काढलं, तर बांतोंनी मान हलवली. तिथे गेलेले त्यांचे दोन मित्र सुधारून आले नव्हते. कुनिमीबाई म्हणाल्या, “संध्याकाळपर्यंत बघते. उतरला नाही तर मी विचारणार नाही, नेणार.”

ठरल्या वेळी शिओमी साहेब आले.

कोट नव्हता, दाढी नव्हती. बांतो उठले नाहीत. हे त्यांच्याकडून कसं झालं असेल, ते त्यांनाच ठाऊक. साहेबांनी बूट काढल्याचा आवाज आला तेव्हा त्यांची बोटं चादरीवर हलली होती.

“क्षमा करा, त्सुचिदासान. एकट्यानं उठता येतं का?”

“नाही,” बांतो म्हणाले.

“संडासाला?”

“ही नेते. कधी कधी...” श्वास. “पोचत नाही. मग ही पुसते.” पुन्हा श्वास. “फरशी. आणि मलाही.”

काकू त्यांच्याकडे पाहत नव्हत्या. कुनिमीबाईही नाही. बांतो एकटेच साहेबांच्या डोळ्यांत पाहत होते, उतारगृहाच्या दारात उभं राहून पाहावं तसे. “रात्री भीती वाटते,” ते म्हणाले. हे तालमीत नव्हतं. “बुडतोय असं वाटतं. हाका मारता येत नाहीत.”

साहेबांचे डोळे भरून आले होते. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि कागदांची फळी पिशवीत घातली.

“क्षमा करा,” ते म्हणाले. “पण अशा अवस्थेत तपासणी करता येत नाही.”

“कशा अवस्थेत?” कुनिमीबाईंनी विचारलं. आवाज मऊ.

“ताप आहे ना. आम्हाला नेहमीची प्रकृती पाहायची असते. अचानक बिघडलेली धरत नाहीत. ते बरे झाले की फोन करा, मी लगेच येतो.”

“बरे झाले की या.”

“हो.”

“म्हणजे आजारी आहेत का, ते बघायला.”

“हो. म्हणजे... तसं नाही. नियम माझा नाही हो, सिस्टर.”

“नाही,” कुनिमीबाई म्हणाल्या. “तुमचा नाही. तुमच्या साहेबांचा नाही, त्यांच्या साहेबांचा नाही. मी इतकी वर्षं या नियमाचा बाप शोधतेय. मागच्या वेळी या माणसानं तुमच्यासाठी जीव धोक्यात घालून खोटं केलं, ते धरलंत. आज आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसासमोर खरं बोलला. हागण्या-मुतण्यापर्यंत बोलला. आणि ते धरत नाहीत.” त्यांनी साहेबांची छत्री त्यांच्या हातात दिली. “निघा. तुम्ही इथे उभे आहात तोवर हे अंग टाकून पडणार नाहीत. श्वास कमी आहे, तो तुमच्यावर खर्च होतोय.”

साहेब वाकले. उत्तरादाखल कुणीच वाकलं नाही. ते गेल्यावर बांतो भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, आणि कुनिमीबाईंनी पाठीवर हात ठेवला तर म्हणाले, “सांगायला नको होतं.”

कुनिमीबाईंनी ताप पाहिला.

ताप संध्याकाळी उतरायला लागला. कुनिमीबाई रोज येत राहिल्या. मंजूर भेटी संपल्या, तरी त्या ‘वाटेत होतं’ म्हणून येत राहिल्या. बांतोंचं घर कशाच्याही वाटेत नाही. साहेब ‘लगेच’ म्हणाले होते, पण फेरतपासणीची नवी तारीख मिळाली ती पुढच्या महिन्याची. खाट या महिन्याची होती. पूर्ण भाडं भरून ती ठेवता आली असती, पण बंद पडलेल्या उतारगृहाच्या पेन्शनीत ते बसत नव्हतं, आणि कुनिमीबाईंनी आपल्याकडचे पैसे पुढे केले तेव्हा बांतोंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी पाकीट मिटून पिशवीत टाकलं.

भाड्याच्या कंपनीची दोन माणसं आली. दोघं पोक्त, दोघं ओशाळलेली. एकानं आल्या आल्या सांगितलं, की त्याची आईही अशीच सुधारली होती. त्यांनी बांतोंना हळूच खाली जमिनीवर उतरवलं, खाटेचे भाग सुटे केले, एकेक बाहेर नेला. बांतोंनी खाटेखालच्या धुळीबद्दल त्यांची माफी मागितली.

मग खोली एकदम मोठी झाली. तातामीच्या, म्हणजे जमिनीवरच्या जाड चटईच्या, गवतावर खाटेच्या पायांनी चार खोल खळगे पाडले होते.

काकूंनी बांतोंच्या पाठीमागे बसायच्या सगळ्या गाद्या रचल्या. बांतो टेकले, तशा गाद्या सरकल्या. परत रचल्या, परत सरकल्या. त्यांचे ओठ रंग बदलायला लागले. तेव्हा कुनिमीबाईंनी पिशवी बाजूला ठेवली, गाद्या पायानं दूर लोटल्या, आणि त्यांच्या मागे, त्यांच्याकडे पाठ करून, गुडघे उभे करून बसल्या. पाठीला पाठ.

“टेका,” त्या म्हणाल्या.

“सिस्टर, हे बरं दिसत नाही.”

“कुणी बघत नाहीये. टेका.”

पाठीला पाठ लागली, पण नुसती लागली. पाहुण्याच्या रेशमी गादीवर बसावं तसे बांतो आपलं वजन आपणच धरून बसले होते. त्यांची एकेक फासळी कुनिमीबाईंना कापडातून कळत होती. त्या धडपडीतच त्यांचा श्वास संपत होता. पिशवीत फोन वाजू लागला. कार्यालयातून असणार, किंवा पुढचा रुग्ण. तो वाजून थांबला आणि परत वाजू लागला.

काकू आतून इस्त्री आणि ओलं फडकं घेऊन आल्या. खळग्यावर फडकं ठेवून वरून इस्त्री फिरवली, की वाफेनं गवत फुगतं आणि खळगा भरून येतो. त्या कंबर धरत खाली बसल्या आणि पहिल्या खळग्यावर फडकं पसरू लागल्या.

“काकू, ते राहू द्या,” कुनिमीबाई म्हणाल्या.

“घाण दिसतंय.”

“दिसू दे. खाट परत तिथेच ठेवायची आहे.”

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. नंतर खळग्याकडे. मग फडकं उचललं, इस्त्रीची वायर काढली आणि ती गुंडाळत तिथेच बसून राहिल्या.

दुपार कलली. बांतोंच्या श्वासाची फुंकर हळूहळू लांबत गेली. त्यांची मान एकदा पुढे गेली, दचकून वर आली, पुन्हा गेली. आणि मग, झोप लागल्यावरच, ते पहिल्यांदा टेकले. सगळा भार एकदम आला. कुनिमीबाईंनी टाचा तातामीत रोवल्या आणि पाठ ताठ केली.